काळ्या दाराचा शेवटचा शब्द

एका राज्यात, राजवाड्यासमोरच्या माळावर, एक काळं दार उभं होतं. त्याला भिंत नव्हती, मागे घर नव्हतं. एका मांत्रिकाने ते उभं केलं होतं. दारावर पिंगळा, एक छोटं घुबड, बसे आणि रोज सकाळी माणसाच्या आवाजात म्हणे, "शब्द ओळखा. तीनदा बोलून बघा."

शब्दात जितकी अक्षरं, तितके दिवे दारावर असत. अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, तर दिवा पांढरा जळे. जागा चुकली, तर निळा. अक्षर शब्दात नसेलच, तर दिवा विझे. न ओळखलेला शब्द संध्याकाळी राज्यातून नाहीसा होई. 'झरा' गेला तेव्हा पाणी आटलं. 'अंगाई' गेली तेव्हा बाळं डोळे उघडे ठेवून पडून राहिली. मग 'आई' गेली.

शेवंता नावाच्या मुलीच्या घरी एक बाई राहत असे. ती शेवंताला ओळखत नसे, शेवंता तिला ओळखत नसे. तरी ती समोरून गेली की शेवंताला रडू येई.

अमावास्येला पिंगळा म्हणाला, "आजचा शब्द शेवटचा. ओळखलात तर गेलेलं सगळं परत. चुकलात तर सगळं कायमचं माझ्या धन्याचं."

दारावर तीन दिवे लागले. रोज शब्द ओळखायला येणारे पंडित मागे सरकले. शेवंता पुढे आली.

"मुली, तुला जमेल?" राजाने विचारलं.

"महाराज, पंडित पहिल्याच शब्दात जिंकायला बघतात. मी आधी अक्षरं शोधेन."

ती दाराकडे वळली. "सदन."

पहिला दिवा निळा झाला. बाकीचे विझले.

"स आहे, पण पहिला नाही," पंडितांतले शास्त्रीबुवा म्हणाले. "आता स धरूनच बोल."

दिवे पुन्हा लागले. "कमळ," शेवंता म्हणाली.

लोक हसले. "हातातलं अक्षर सोडलं की हो पोरीने!"

मधला दिवा निळा झाला. बाकीचे विझले.

"स कुठे पळत नाही," ती म्हणाली. "मला नवी अक्षरं तपासायची होती. आता म सापडला, आणि तो मधला नाही."

"मग 'कसम' म्हण!"

"क विझलाय, बुवा."

म पुढे ठेवून, स मागे सरकवून तिने मनात शब्द जुळवले. एक जुळला, आणि तिने तो ओठांआड अडवला. माणसाला शेवटी जिथे नेतात, त्या जागेचं नाव त्या राज्यात कुणी घेत नसे. सगळे 'नदीपलीकडे' म्हणत. राजासमोर अशुभ बोलणारा हद्दपार होई. म्हणूनच मांत्रिकाने तो शब्द शेवटी ठेवला होता.

पिंगळा मान न हलवता तिच्याकडे पाहत होता.

"महाराज, शब्द अशुभ आहे."

"मंगल काहीतरी बोल गं!" शास्त्रीबुवा ओरडले.

"मंगल बोलून बोलूनच इथवर आलो, बुवा."

राजाने शास्त्रीबुवांना हाताने थांबवलं. मग म्हणाला, "बोल."

"मसण."

तिन्ही दिवे पांढरे जळले. पिंगळ्याची राख झाली. दार उघडलं. आतल्या अंधारातून थंड वारा आला आणि त्यात कितीतरी आवाज होते. डोंगराकडून पाणी वाहू लागलं. कुठेतरी बाळं एकदम रडू लागली, आणि त्यांना कुणी उचलून घेतलं.

गर्दीतून ती बाई धावत आली. शेवंतासमोर थांबून तिने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"शेवंता," ती म्हणाली, "इतकी उंच कधी झालीस गं?"

शेवंताने तोंड उघडलं. गेलेला शब्द जिभेवर परत आला होता.