भुंड्याची पाळी

शके अठराशे एकविसाच्या फाल्गुनात डोंगरातले झरे होळीआधीच आटले, तेव्हा गव्यांच्या कळपाने नवा नायक निवडायचे ठरवले. त्या काळी निवड उघड्यावर होई. ज्याला जो पटे, त्याच्या पाठीमागे जाऊन तो उभा राही. आपण कुणाकडे उभे राहिलो हे लपवावेसे कुणालाच वाटत नसे.

नायकीला दोघे होते. ताम्या अंगाने धिप्पाड, तर पवळी गाय दूरच्या पाणवठ्यांची वाट जाणणारी. दोघांमागे सारखेच गवे जमले. उरला शिंग मोडलेला म्हातारा भुंड्या.

"या आजोबा," ताम्या हसला. "रानकुत्र्यांच्या तोंडातून तुम्हाला कुणी सोडवलं, आठवतंय ना?"

"आठवतं. ते देणं माझ्या एकट्याचं आहे, कळपाचं नाही. तुला पाण्याची वाट ठाऊक आहे?"

"शोधीन की!"

भुंड्या मान खाली घालून पवळीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"म्हातारा उपकार विसरला!" म्हणत ताम्या रागाने एकटाच निघून गेला.

पवळीने कळपाला दोन डोंगर ओलांडून एका झऱ्याशी नेले. पाणी थेंबाथेंबाने साचे, म्हणून प्रत्येकाला दिवसातून एकच पाळी मिळे. तिसऱ्या दिवशी शेवटची पाळी भुंड्याची होती. तो पुढे सरकला, तोच ताम्या लडखडत आला. त्याची जीभ बाहेर लोंबत होती.

"आज एकापुरतंच उरलंय," पवळी म्हणाली.

भुंड्या बाजूला झाला. ताम्या तळ दिसेपर्यंत प्याला. देणे फिटले.