सभापती बाकावर बसतात

आमच्या शाळेत पालकसभेला बाई बोलत नाहीत. मूल बाईंच्या खुर्चीत बसतं आणि आपण कशात हुशार, कशात कच्चे, ते स्वतःच सांगतं. आईबापांनी समोरच्या बुटक्या बाकावर बसून प्रश्न विचारायचे.

तिसरीतल्या मैनाचे वडील रंगनाथराव पंचायत समितीचे सभापती. ते आले ते थेट खुर्चीतच बसले. बाई चाचरत म्हणाल्या, "साहेब, ती जागा मैनाची आहे."

"आम्ही बाकावर बसत नसतो," सभापती म्हणाले.

"राहू द्या, बाई," म्हणत मैना पहिल्या बाकावर आईशेजारी जाऊन बसली. "खुर्चीतल्यानं सांगायचं, बाकावरच्यानं विचारायचं. मग सांगा साहेब, तुमची मुलगी कितवीत आहे?"

सभापतींनी बायकोकडं पाहिलं. बायको पंख्याकडं बघत होती.

"दुसरीत," ते म्हणाले. बाकीचे पालक खुसखुसले.

"आणि तिला काय जमत नाही?"

सभापतींनी घसा खाकरला. "शिक्षण ही काळाची गरज आहे," अशी सुरुवात करून ते बराच वेळ बोलले. भाषण संपल्यावर मैनानं टाळ्या वाजवल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

सभापती गुपचूप उठले आणि पोट सावरत मैनाच्या जागी बाकात शिरले. मैना खुर्चीत जाऊन बसली.

"चारचौघांत बापाला नापास केलंस," ते पुटपुटले.

"नापास कुठं, बाबा? आमच्या वर्गात कुणालाच नापास करत नाहीत," मैना म्हणाली. "कच्च्या मुलांना फक्त पहिल्या बाकावर बसवतात."