केरबाच्या ट्रॅक्टरचा हिवाळा

एका माळावरच्या गावात केरबा नावाचा शेतकरी होता आणि त्याच्याजवळ जवळजवळ त्याच्याच वयाचा एक ट्रॅक्टर होता. सकाळी सुरू व्हायला दोघांनाही वेळ लागे.

हरभऱ्याची पेरणी उरकली, थंडी पडली, ट्रॅक्टरला सवड मिळाली. त्याचा क्लच घसरत होता. केरबाने बेत केला, की हिवाळ्यात क्लच बदलायचा आणि संक्रांत झाली की थोरल्या बहिणीचं रान भुईमुगासाठी नांगरून द्यायचं. आक्काचं तेवढंच एक रान होतं, आणि केरबाने तिला शब्द दिला होता.

क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध दुभागावा लागतो. तो दुभागला, तसा शेजारचा पिराजी बघायला आला. पिराजीने जन्मात खिळाही ठोकला नव्हता, त्यामुळे त्याला सगळंच ठाऊक होतं.

"आता उघडलाच आहेस, तर गिअरही बघून घे की," तो म्हणाला.

केरबाला ते पटलं. गिअर उघडल्यावर त्याला मागच्या ॲक्सलची दया आली. मग इंजिनाला वाईट वाटायला नको, म्हणून तेही उतरवलं. संक्रांतीपर्यंत ट्रॅक्टर अंगणभर पसरला. बायको सगुणा भाकरीची परात शोधायला गेली, तर तीत दातेरी चाकं डिझेलमध्ये भिजत होती.

आक्का आली. चहूकडे बघून म्हणाली, "केरबा, तुझा ट्रॅक्टर कुठे उभा दिसत नाही, पण त्यानं मला बसायला जागा काही ठेवली नाही." मग हळूच म्हणाली, "पेरणीचे दिवस चाललेत रे. जमत नसेल तर सांग. यंदा रान पडीक टाकते."

टोमणा केरबाने पचवला असता. ती हळू बोलली, ते त्याला पचेना.

"आजच जोडायला घेतो," तो म्हणाला.

"आणि रंग?" पिराजीने विचारलं. "असला भुंडा बाहेर काढलास तर लोक हसतील."

"हसू देत. तुझ्यासारखी रिकामी माणसं आणखी कशाला असतात?"

क्लच नवा बसला. बाकी सगळं होतं तसं परत गेलं. केरबा बॉनेट बसवायलाही थांबला नाही. उघड्या इंजिनाचा तो ट्रॅक्टर गावातून निघाला तेव्हा लोक पोटभर हसले. आक्काच्या रानात मात्र नांगर खोल लागला आणि भुईमूग वेळेवर मातीत गेला.

पुढच्या हिवाळ्यात केरबाने फक्त गिअर उघडला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात इंजिन. रंगाची पाळी अजून आलेली नाही. ट्रॅक्टरने तक्रार केल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

तात्पर्य: दुरुस्तीला हात घालण्याआधी हात कुठे आवरायचा ते ठरवावं. मोडकं जगात संपत नाही, हिवाळा संपतो.