तीन बोटांची चाल

एकदा एका गावात लढाई भरली, आणि तिच्या निमंत्रणपत्रिका आठ दिवस आधी घरोघर पोचल्या होत्या.

लढाई मेजावरची होती. सहा फूट लांब, चार फूट रुंद मेज. त्यावर हिरवे कापड, प्लायवूडच्या टेकड्या, निळ्या रेक्झिनची नदी आणि समोरासमोर दोन सैन्ये. सैनिक अंगठ्याएवढे. आठ-दहा जणांचे पथक एका लहानशा लाकडी पाटावर चिकटवलेले, आणि पाटाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची खोली तीन बोटे. पायदळाने एका फेरीत अर्धी मोजपट्टी चालायचे, घोडदळाने पूर्ण पट्टी. गाठ पडली की फासे टाकायचे. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करणारी पोरे मोठी झाली, पण त्यांनी खेळ सोडला नाही, एवढेच म्हणा.

हा खेळ गावात रुजवला एका वृद्धाने. त्याची चाळीस वर्षे मोजणीखात्यात गेली होती. लोकांच्या शेतांवर साखळी टाकायची, हद्दीचे दगड रोवायचे, आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. सारे त्याला अण्णा म्हणत. नियमांची वही त्याच्याच अक्षरात होती, आणि तीत दोन नियम तांबड्या शाईने लिहिलेले होते. पहिला असा की पथक जिथून हलेल तिथे त्याच्या पुढच्या कडेशी एक चिंचोका ठेवायचा आणि डाव संपेपर्यंत तो उचलायचा नाही. दुसरा असा की चाल मोजायची ती पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत. "घोडा नाकापासून नाकापर्यंत धावतो," अण्णा सांगत. "नाकापासून शेपटीपर्यंत धावला असं कोणी म्हणालं, तर तो घोडेवाला लबाड."

अण्णांचा एक शिष्य होता. पस्तिशीतला, कामसू, माणसांचा लोभ असलेला. गेली चार वर्षे स्पर्धा तोच भरवत असे. मेजे जोडणे, टेकड्या रंगवणे, परगावच्या खेळाडूंची जेवणाची सोय, सगळे त्याच्याच अंगावर. अण्णांची नजर आता अधू झाली होती. तेव्हा यंदा बक्षीस समारंभात पंचाची पितळी पट्टी शिष्याच्या हाती द्यायची, असे ठरले होते. पत्रिकेत तसे छापलेही होते.

या स्पर्धेची एक रीत होती. जो जिंकेल त्याच्या गावी पुढच्या वर्षीची स्पर्धा. चारही वर्षे कप गावातच राहिला, त्यामुळे ही रीत कोणाला बोचली नव्हती.

यंदा मात्र सोळावा खेळाडू तापाने आलाच नाही. पंधरा जणांच्या जोड्या लागेनात, म्हणून शिष्य स्वतः मेजावर बसला. रिकामी जागा भरायला बसलेल्या आयोजकाने क्रमांकात यायचे नसते, हे त्याला कोणी सांगायला नको होते. पहिली फेरी तो जिंकला. दुसरीही. तेव्हा सभागृहाचा मालक, गावातला फरशीचा मोठा व्यापारी, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमचं नाव फळ्यावर का नाही हो?"

"मी आयोजक आहे, शेठ."

"मग काय झालं? घरच्या लग्नात घरचे जेवत नाहीत का?"

आजूबाजूचे हसले. शिष्यही हसला. आणि दुपारी खडूने त्याचे नाव फळ्यावर चढले. त्याने ते पाहिले आणि पुसले नाही.

अंतिम सामन्यात त्याच्यासमोर आल्या त्या नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका खेड्यातल्या पोस्टातल्या बाई. त्या गावात पाच खेळाडू. पोस्ट बंद झाले की टपाल निवडायच्या मेजावर ते खेळत. बाईंनी आपले सैन्य लाडवांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून आणले होते. सकाळी डबा उघडला तर एका भालदाराचा हात निखळलेला. शिष्याने बसून, सरस लावून, तो जिथल्या तिथे बसवून दिला होता.

"जिंकले तर आमच्याकडे यावं लागेल हं," बाई पट मांडता मांडता म्हणाल्या. "सभागृह नाही आमच्याकडे. पण शाळेच्या व्हरांड्यात आठ मेजं बसतात. मी मोजून आलेय."

"आधी पूल तर घ्या," शिष्य म्हणाला.

डावाची अट साधी होती. शेवटच्या फेरीअखेर नदीवरचा पूल ज्याच्याकडे, विजय त्याचा. बाई सावकाश खेळत, फार बोलत नसत, आणि त्यांचे पायदळ टेकडीमागून कधी निघाले ते शिष्याला कळलेही नाही. शेवटची फेरी आली तेव्हा पुलावर बाईंचे एक भालदारांचे पथक उभे होते, आणि शिष्याकडे फक्त एक घोडदळ उरले होते. पुलापासून पूर्ण पट्टीवर. कदाचित थोडे अधिक.

पाच-पंचवीस माणसे मेजाभोवती जमली होती. व्यापारी पुढेच उभा होता. शिष्याच्या मनात त्या घटकेला काय होते? कपाचा मोह नव्हता. होते ते एवढेच, की ही स्पर्धा आपली आहे, आपण रंगवलेल्या टेकड्या उद्या दुसऱ्याच्या व्हरांड्यात जाणार. त्याने घोडदळाच्या पुढच्या कडेशी चिंचोका ठेवला. चिंचोक्यापाशी आपली लाकडी पट्टी लावली. पाट उचलला, आणि पट्टीचे टोक जिथे संपले तिथे त्याची पुढची कड ठेवण्याऐवजी मागची कड ठेवली.

घोडे पुलाला भिडले.

"कुठली कड धरलीत?" बाईंनी विचारले.

"नेहमीचीच."

बाईंनी क्षणभर चिंचोक्याकडे पाहिले. मग त्यांनी रीतीप्रमाणे हात वर केला. "पंच."

अण्णा आले. हातात पितळी पट्टी होती. त्यांनी मेजावर वाकून पाहिले, चिंचोका पाहिला, पूल पाहिला. आता ते पट्टी लावतील, असे सगळ्यांना वाटले. पण अण्णांनी पट्टी काखेत धरली, मेजाकडे पाठ फिरवली, आणि शिष्याला विचारले, "तू मोजलंस?"

"हो."

"पोचतो?"

"पोचतो, अण्णा."

"मग पोचतो," अण्णा म्हणाले आणि निघून गेले.

पुढचे फासे शिष्याच्या बाजूने पडले. टाळ्या झाल्या. बाईंनी हात जोडले आणि त्या डबा आणायला गेल्या.

स्पर्धेत आणखी एक रीत होती. सामना संपला की दोघांनी चिठ्ठीवर प्रतिस्पर्ध्याच्या वागणुकीला दहापैकी गुण द्यायचे आणि चिठ्ठी घडी करून स्टीलच्या डब्यात टाकायची. त्या चिठ्ठ्या अण्णा एकटे वाचत. बेरीज झाली की त्या चहाच्या शेगडीत जात. शिष्याने चिठ्ठी लिहिली तेव्हा बाईंनी पंचांना बोलावल्याचा राग त्याच्या मनात होता. तो राग त्याने चिठ्ठीवर काढला.

समारंभाला अर्धा तास होता. व्यापारी हारांची व्यवस्था पाहत होता. अण्णांनी शिष्याला मागच्या खोलीत बोलावले. तिथे जास्तीच्या खुर्च्या रचलेल्या होत्या, आणि एका खुर्चीवर पितळी पट्टी मलमलीत गुंडाळून ठेवली होती. शेजारी दोन चिठ्ठ्या उघडलेल्या.

"वाच."

एका चिठ्ठीवर पोस्टातल्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: दहा. दुसरी त्याची स्वतःची होती. सहा. खाली शेरा: पंचांना उगाच बोलावतात.

शिष्याने ती पुन्हा वाचली. कोणी थोबाडीत मारली असती तर ती गालावर राहिली असती. हे सगळ्या अंगात उतरले. तो खुर्चीवर बसला.

"तुम्हाला दिसलं होतं," तो म्हणाला.

"नजर अधू आहे, आंधळा नाही मी."

"मग मोजलं का नाहीत?"

अण्णा म्हणाले, "चाळीस वर्षं मी बांध मोजले. शेजाऱ्याचा बांध कोणी एका दिवसात खात नाही. नांगराच्या दर फेरीला बोटभर कोरतो. आणि पकडला गेला की लाजतो. पण ती लाज पकडलं गेल्याची असते, कोरल्याची नसते; पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा नांगर धरतो. उद्यापासून तू पंच. पंचाच्या मागे पट्टी घेऊन कोणी उभा नसतो. म्हटलं, कोणी मोजत नसताना हा किती मोजतो, तेवढं बघावं."

हे बोलणे एरवी तिथेच संपले असते. शिष्याने मान खाली घालायची, गुरूने डोक्यावर हात ठेवायचा, आणि सगळ्यांनी शहाणे होऊन घरी जायचे. पण शिष्याची मान वर झाली.

"माझी परीक्षा बघायची होती तर माझ्या एकट्याची बघायची होतीत, अण्णा," तो म्हणाला. "बाईंनी हात वर केला होता. नियमाने केला होता. माझ्या परीक्षेची फी त्यांनी का भरायची?"

बाहेर माईकवाला "हॅलो, हॅलो" करत होता.

"हे मला सुचलं नाही, असं म्हणणार होतो," अण्णा म्हणाले. "पण सुचलं होतं. मी वाकून पाहिलं तेव्हाच समजलं तीन बोटं आहेत म्हणून. आणि एवढ्या लोकांत तुला लबाड म्हणायची माझी जीभ रेटेना. पोटच्या पोरासारखा वाढवलाय तुला. मग पाठ फिरवली. मेजापासून या खोलीत येईपर्यंत त्या पाठ फिरवण्याला मी परीक्षा असं नाव दिलं." त्यांनी पट्टीवरची मलमल नीट केली. "बांध तू कोरलास. मोजणीदार मी होतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. मग शिष्य उठला, पितळी पट्टी त्याने अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाला, "चला."

मेज अजून तसेच होते. घोडे पुलाला भिडलेले, आणि मागे हिरव्या कापडावर तो एक तपकिरी चिंचोका. बाई दाराशी डब्याला दोरी बांधत होत्या. त्यांची एसटी पावणेसहाची होती. शिष्याने त्यांना हाक मारली. लोक वळले.

"शेवटची चाल पुन्हा मोजायची आहे," तो म्हणाला.

"आता?" व्यापारी पुढे आला. "अहो, फोटोवाला येऊन बसलाय. हार सुकतायत."

"शेठ," अण्णा म्हणाले, "चूक माझी झालीय. जरा बाजूला व्हा."

अण्णांनी चिंचोक्यापासून पट्टी लावली. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही. शिष्याने पाट उचलला आणि पट्टीच्या टोकाशी पुढची कड ठेवली. घोड्यांची नाके आणि पूल यांच्यामध्ये तीन बोटे नदीकाठ रिकामा राहिला. गर्दीतल्या एकाने घसा खाकरला, आणि तो आवाज शिष्याला शिवीपेक्षा जड गेला.

"कप यांचा," तो म्हणाला. "आणि पुढची स्पर्धा यांच्या गावी."

बाईंनी कपाकडे पाहिले नाही. त्या मेजाशी आल्या आणि त्यांनी चिंचोका उचलून शिष्याच्या हातावर ठेवला. डाव आता संपला होता.

शिष्याला राहवले नाही. "तुम्हाला कळलं होतं. मग चिठ्ठीवर दहा का लिहिलेत?"

चिठ्ठी त्याने वाचली आहे, हे बाईंना तेव्हा समजले. त्यांनी अण्णांकडे एकवार पाहिले.

"सकाळी तुम्ही माझ्या भालदाराचा हात बसवून दिलात," त्या म्हणाल्या. "पंधरा जणांना पाणी विचारत होतात. ते मी बघत होते. त्याचे दहा. चाल ही चिठ्ठीत लिहायची गोष्ट नाही, ती पंचांकडे द्यायची. ती मी दिली होती."

अण्णांची मान खाली गेली ती काही वेळ वर आली नाही.

त्या दिवशी पितळी पट्टी कोणाच्याच हाती दिली गेली नाही. व्यापाऱ्याने हार कोणाला घातला, ते कोणी लक्षात ठेवले नाही.

पुढच्या वर्षी शिष्याने टेकड्या आणि मेजे टेम्पोत घालून नदीच्या वरच्या गावी नेली. शाळेच्या व्हरांड्यात आठ मेजे खरोखरच बसली. तिथेही एक खेळाडू कमी पडला, आणि शिष्याला बसावे लागले. बसण्यापूर्वी त्याने फळ्याशी जाऊन आपल्या नावाच्या जागी एक रेघ मारली. मग पहिल्या चालीला चिंचोका ठेवला आणि आपली पट्टी समोरच्याच्या हाती दिली.

"मला का देताय?" समोरच्याने विचारले.

"माझी चाल तुम्ही मोजा," तो म्हणाला. "तुमची मी मोजतो."

अण्णा व्हरांड्याच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी ते ऐकले, आणि संध्याकाळी नियमांच्या वहीत तांबड्या शाईने तिसरा नियम लिहिला गेला: चाल समोरच्याने मोजायची. अक्षर शिष्याचे होते.

हा नियम गावच्या सभेतही चालण्यासारखा आहे. अडचण एवढीच, की निघताना आपण जिथे उभे होतो, तिथे चिंचोका ठेवायला सभेत अजून कोणी तयार होत नाही.