हिरवीची कॅप काळीला

घाटाच्या पायथ्याला एक बाजाराचं गाव होतं. तिथे जोतिबा लोहार नावाचा एक इंजिनमिस्त्री राहत होता. हात असा की लोकांनी भंगारात काढलेलं इंजिन तो बोलतं करायचा. कान असा की गाडी वळणावर असतानाच सांगायचा, हिचा व्हॉल्व्ह वाजतोय. यात खोटं काही नव्हतं. पण चार लोक चांगलं म्हणायला लागले की पाचवा माणूस आपण स्वतःच होतो. जोतिबाचं तसंच झालं.

मिस्त्रीकामात एक जुना नियम आहे. इंजिन उघडलं की आधी कॅपांवर खूण ठोकायची. क्रँक हा इंजिनाचा कणा. तो ज्या लोखंडी ठोकळ्यात फिरतो तो ब्लॉक, आणि क्रँकला त्या ब्लॉकला आवळून धरतात त्या कॅपा. कारखान्यात कॅप ब्लॉकला आवळून मगच दोघांत मिळून गोल भोक पाडतात. म्हणून ज्या ब्लॉकची कॅप त्याच ब्लॉकला, आणि तीही तिच्याच जागेवर. दुसरीकडे ती बसल्यासारखी दिसते, बसत नाही. कालचा शिकाऊदेखील हे जाणतो. जोतिबा मात्र खूण ठोकायचा नाही. म्हणायचा, खुणा आंधळ्यांना लागतात.

एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर त्याच्याकडे दोन जुन्या मोटारी आल्या. कंपनी एक, साल एक, रंग तेवढा वेगळा. काळी होती इंदूताईंची. गावचे डॉक्टर वारले, त्यांच्या मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी. हिरवी होती गुळाचे अडते दौलतराव यांची. जोतिबाने दोन्हींची इंजिनं एकदमच खोलली.

मग आली खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. जोतिबाला त्याची हौस दांडगी. त्याने दोन्ही इंजिनांचे सुटे भाग एकाच घमेल्यात रॉकेलने धुतले, लखलखीत पुसले आणि टेबलावर मांडले. मोठं मागे, लहान पुढे, आणि मधोमध सहा कॅपांचं गोल फूल. बायकोने, अंजिराने, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. बघायला गल्ली लोटली. एवढी आरास गणपतीत नसते, असं कोणी म्हणालं आणि जोतिबा दिवसभर फुगून बसला. काळीचं काय नि हिरवीचं काय, ते त्या घटकेला देवालाही सांगता आलं नसतं.

दसरा झाला. दौलतरावांना घाई होती, म्हणून हिरवी आधी जोडली. झटक्यात सुरू झाली. जोतिबाने पाठीवर थाप घेतली आणि म्हणाला, मालक, आता डोळे झाकून घाट चढा.

काळीचं घोडं मात्र अडलं. तिसरी कॅप आवळली की क्रँक जाम. सैल केली की फिरायचा, आवळली की पुन्हा जाम. जोतिबाने क्रँक नि कॅप यांच्यामध्ये बसणाऱ्या बेअरिंगच्या दुकानदाराला शिव्या घातल्या, माल दोनदा परत पाठवला. क्रँक घासून देणाऱ्या लेथवाल्याशी भांडला, तुझी मशीन वाकडी म्हणाला. आठ दिवस गेले. जगात सगळे चुकले होते, एक जोतिबा सोडून. शेवटी तो अंजिरावर घसरला. पूजेच्या वेळी तूच हात लावून घोळ घातलास, म्हणाला.

अंजिरा भाकऱ्या थापत होती. तिने हातही थांबवला नाही.

"मी कुंकू वाहिलं. फूल तुम्ही मांडलंत. कुठली कॅप कुठल्या इंजिनाची, ते मांडताना बघितलंत का, सांगा."

तो उठला, दुकानात गेला. काळीच्या ब्लॉकवर तिसरी कॅप बसवली आणि जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं. जिची तिला असती तर नख सरळ गेलं असतं. ते अडकलं. उरलेल्या दोन जागांवर लावून बघितली, तिथेही अडकलं. ही कॅप हिरवीची होती. म्हणजे काळीची कॅप हिरवीच्या पोटात होती, आणि ती घेऊन हिरवी आठ दिवस गावभर फिरत होती.

जोतिबाने कॅप काढून टेबलावर ठेवली.

वाट नव्हती असं नाही. कॅप कानशीने आतून थोडी घासली की क्रँक फिरतो. कितीतरी मिस्त्री घासतात. काळी चालू झाली असती, इंदूताई खूश झाल्या असत्या. हिरवीत काळीची कॅप किंचित सैल बसली होती, म्हणून तर ती गाडी चालत होती. सपाटीवर अजून महिनाभर चालली असती. पुढे बेअरिंग जळलं असतं तर लोक म्हणाले असते, जुनी गाडी, मोडायचीच. जोतिबाचं नाव कोणी घेतलं नसतं. त्याने कानस उचललीसुद्धा.

पण त्याला आठवलं. दौलतरावांची लेक घाटावरच्या गावी दिलेली, तिकडेच नुकती बाळंत झालेली. तिला नि बाळाला दिवाळीला आणायला हिरवी उद्या सकाळी निघणार, हे त्याने बाजारात ऐकलं होतं. चढाला इंजिनावर ओझं पडतं. सैल कॅप ओझं सोसत नाही. इंजिन कुठे जाम होईल, कोणत्या वळणावर, खाली किती खोल असेल, हे कोण सांगणार? कानस त्याने खाली ठेवली. तरी उंबऱ्यापर्यंत दोनदा जाऊन तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मात्र सायकल काढली.

दौलतरावांच्या अंगणात पाचसहा माणसं चहा पीत होती. गाडी धुऊनपुसून उभी होती. जोतिबाने सगळ्यांसमोर सांगितलं, मालक, माझ्या हातून कॅपांची अदलाबदल झाली, गाडी घाटात नेऊ नका. दौलतरावांना वाटलं, मिस्त्री थट्टा करतोय. त्यांनी गाडी चालू करून दाखवली. लोण्यासारखी चालत होती. माणसं हसायला लागली. चालत्या गाडीला आजारी म्हणणारा वैद्य आजच बघितला, असं एकाने ऐकवलं.

दौलतराव हसले नाहीत. "आठ दिवसांमागं तूच म्हणालास ना, डोळे झाकून घाट चढा. ते काय होतं मग?"

"ती माझी मिजास होती, मालक."

मग दौलतरावांनी जोतिबाला असं फैलावर घेतलं की रस्त्यावरची माणसं थांबली. लोहाराची जात काढली, बापाचं नाव काढलं. जोतिबाने मान खाली घालून सगळं ऐकलं, पण गाडीपुढून हलला नाही. अखेर दौलतरावांनी किल्ली त्याच्या अंगावर फेकली. म्हणाले, माझ्यासमोर उघड, आणि आत काही निघालं नाही तर गावात दुकान ठेवू नकोस.

दुपारी दुकानात इंजिन उघडलं. दौलतराव स्टुलावर बसून बघत होते. जोतिबाने तिसरी कॅप काढली आणि आतलं बेअरिंग त्यांच्या हातावर ठेवलं. चांदीसारखं असायला हवं होतं, ते तव्याच्या बुडासारखं काळं पडलं होतं. मधोमध नखाएवढा ओरखडा. दौलतरावांनी त्यावरून बोट फिरवलं.

"सव्वा महिन्याचं आहे बाळ," एवढंच म्हणाले आणि उठून गेले. लेकीला आणायला दुसऱ्या दिवशी भाड्याची जीप गेली.

जोतिबाने सहाही कॅपा काढल्या. नखाने एकेक तपासून जिची तिला लावली, आणि लावण्याआधी प्रत्येकीवर खूण ठोकली. जळलेलं बेअरिंग बदललं. या वेळी काळीचा क्रँक एका हाताने फिरला. इंदूताईंना त्याने उशिराचं खरं कारण सांगितलं. दुकानदाराला नि लेथवाल्याला घरी जाऊन सांगितलं, तुमचं काही चुकलं नव्हतं.

दौलतरावांनी बाजारभर ही गोष्ट केली. बरीच गिऱ्हाइकं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजकडे वळली. दोन महिने जोतिबाने दुकानात बसून माश्या मारल्या. आता वाईट वाटायचंच, त्याला इलाज नव्हता. चूक केली होती, ती अंगावर घ्यायलाच हवी होती.

मग एका सकाळी घाटावरचा एक अनोळखी माणूस जुनी मिनीबस घेऊन दारात उभा राहिला. त्याने विचारलं, चालती गाडी परत बोलावणारे मिस्त्री तुम्हीच का? जोतिबाला वाटलं, हाही टोमणा मारायला आला. तरी म्हणाला, होय, मीच तो.

माणसाने किल्ली टेबलावर ठेवली.

"मग हिचं इंजिन तुम्हीच उघडा. हिच्यात रोज शाळेची पोरं बसतात."

तात्पर्य: चूक कसबी हाताकडूनही होते, त्याची लाज नको. लाज वाटावी ती चूक झाकून दुसऱ्याचा जीव टांगणीला लावण्याची. आपलं चुकलेलं आपल्याच तोंडाने सांगावं आणि आपल्याच हाताने निस्तरावं, मग त्यात नाव गेलं तरी जाऊ द्यावं.