तळ्याच्या बांधावरची हाक

फार जुन्या काळी एका गावात, एका सकाळी, तळ्याच्या बांधाखालचा पाझर गढूळ झाला. एवढंच.

तो पाझर एरवी इतका नितळ, की त्यात तोंड पाहून बायका कुंकू सारखं करत. पाणी भरायला आलेली मुलगी घडा तसाच धरून उभी राहिली. पाणी गढूळ, म्हणजे बांधाची माती आतून वाहून चालली आहे! आणि बांध फुटला, तर खालचं गाव राहील का?

मुलगी मुळातच भित्री. पान सळसळलं तरी दचकायची. तरीही ती धापा टाकत चावडीवर गेली.

"पाटीलबाबा, बांधाकडे लक्ष द्यायला हवं."

"देऊ की! आमचं लक्ष असतंच."

"काळजी घ्यायला हवी हो."

"घेऊ. तू आधी तुझं काळीज सांभाळ. काल म्हणे कोंबडा आरवला नि तू घागर फोडलीस?"

चावडी खो खो हसली.

मग ती घरोघर फिरली. "खरंच गं बाई, विचार करायला हवा," असं एकीने म्हटलं. "सगळ्यांनी मिळून काहीतरी केलंच पाहिजे," असं दुसरीने म्हटलं आणि भाकरी उलटली. तिचं म्हणणं कुणी खोटं पाडलं नाही. जागचं मात्र कुणी हललं नाही.

ती परत बांधाकडे धावली. पाझराची धार आता मनगटाएवढी झाली होती. बांधावर चढून पाहते तो काय, आतल्या काठाशी गुडघाभर पाण्यात एक भोवरा गरगरत होता. इथूनच पाणी बांधात शिरत होतं.

टेकडीवर पळून जावं, असं तिला वाटलं. पण खाली घराघरांतून चुलींचा धूर निघत होता.

तेव्हा तिला उमगलं. लक्ष द्या, काळजी घ्या, विचार करा! ऐकणाऱ्याने उठून नेमकं करायचं तरी काय?

गाव कुंभारांचं. माती मळायची झाली, की घरची कर्ती बाई अंगणातून एकच हाक देई, "तुडवा!" ती ज्याच्या कानी पडेल, त्याने हातातलं काम टाकून चिखलात उतरायचं. माती कुणाची, हे विचारायचं नाही, असा तिथला रिवाज. पोरीसोरींनी ती हाक द्यायची नसे, आणि बांधावरून तर ती कुणी कधीच दिली नव्हती.

मुलीने काठची चिकणमाती ओरबाडून भोवऱ्यात लोटली, स्वतः तिच्यावर उभी राहिली आणि ओरडली, "तुडवा! माती आणा नि बांध तुडवा!"

आवाज चिरकला. खालून कुणी ओ दिली नाही. टाचेखालची माती सरकत होती.

ती पुन्हा ओरडली. या वेळी आवाज चिरकला नाही. "तुडवा!"

खाली एक दार धाडकन उघडलं. गावातली सगळ्यांत म्हातारी कुंभारीण लुगडं खोचून, डोक्यावर मातीची पाटी घेऊन बांध चढू लागली. तिच्यामागे धोतर सावरत पाटील निघाले आणि त्यांच्यामागे अख्खी चावडी.

"आले गं! सरक जरा," म्हातारीने पाण्यात पाय टाकला, "सगळा बांध काय तू एकटीच तुडवणार?"

तात्पर्य: लोकांना उठवायचं असेल, तर नुसती काळजी सांगू नये, काम सांगावं, आणि पहिला पाय आपला टाकावा.