गॅरेजमधला चोर

नगरसेवक भोइटेसाहेबांनी गॅरेजला आपोआप उघडझाप करणारं दार बसवलं आणि दारात काही हललं की बोंबलणारा चोरभोंगा लावला. भोंगा दिवसभर बोंबलायला लागला. साहेब शेजारच्या हौसाबाईवर कडाडले, "तुझ्या कोंबड्यांचंच काम! उद्या सगळ्या उचलून नेतो."

अंड्यांवर घर चालवणारी हौसाबाई पदर खोचून म्हणाली, "आधी चोर धरू. धरला तर काय कराल?"

"त्याची आणि त्याला घरात घेणाऱ्याची गाढवावरून धिंड काढीन!"

गल्ली जमली. कोंबड्या टोपलीखाली कोंडल्या. तरी वारा सुटताच भोंगा बोंबललाच. हौसाबाईनं दारात हेलकावणारी लिंबू-मिरची हिसडून काढली. भोंगा गप्प!

"हा घ्या चोर. ह्याला दारात कुणी टांगलं, साहेब?"

साहेब लिंबासारखे पिवळे पडले.

"असू द्या," टोपली उचलत हौसाबाई म्हणाली, "गाढव मिळेपर्यंत माझ्या कोंबड्यांना दाणे टाका."